पडद्यावरचा पूर

२०११ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. अंधेरी पूर्वेच्या एका शाळेत नववीच्या मुलांना आपत्ती या विषयावरच्या चित्रफिती दाखवायला आम्ही गेलो होतो. सुरुवात जरा रंजक व्हावी म्हणून २००४ सालच्या 'द डे आफ्टर टुमारो' या चित्रपटातला प्रसिद्ध तुकडा आधी लावला. समुद्राची अजस्र लाट न्यूयॉर्कच्या रस्त्यांत घुसते, मोटारी काड्यापेट्यांसारख्या वाहून जातात. वर्गात शिट्ट्या झाल्या, टाळ्याही पडल्या. मग आम्ही २६ जुलै २००५ च्या पावसाचे हौशी कॅमेऱ्याने टिपलेले चार मिनिटांचे चित्रण लावले. त्यात ना किंकाळ्या होत्या, ना प्रेते. एका चाळीच्या जिन्यावर मातकट पाणी होते आणि ते एकेक पायरी चढत होते, एवढेच. वर्ग गप्प झाला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, दारापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि चित्रण संपेपर्यंत वळली नाही. नंतर वर्गशिक्षिकांकडून कळले की त्या पावसात ती आठ वर्षांची होती आणि तिचे घर मिठी नदीच्या काठच्या वस्तीत होते.

चूक आमचीच होती. आधी चौकशी करायला हवी होती. पण बाईंनी विचारलेला प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. त्या म्हणाल्या, "लाटेला हसणारी ही मुलं पायरीवरच्या पाण्याला का घाबरली? आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे दाखवावं की दाखवूच नये?" याचे उत्तर शोधताना आम्हाला बरेच मागे जावे लागले. पडद्यावरचे संकट पाहून माणूस घाबरतो का, हा प्रश्न सिनेमाइतकाच जुना आहे.

तो मुंबईत आला ७ जुलै १८९६ रोजी. काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलात त्या दिवशी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. तिकीट एक रुपया. त्यांत स्थानकात शिरणारी आगगाडी दाखवणारी एक फीत होती. ही गाडी पाहून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे आणि बहुतेकांनी वर्गात सांगितलीही आहे. आम्हीही सांगत असू. परंतु मार्टिन लॉयपरडिंगर या जर्मन इतिहासकाराने त्या काळचे पुरावे तपासले तेव्हा अशी पळापळ झाल्याची विश्वसनीय समकालीन नोंद त्याला मिळाली नाही. कथा मागाहून रचली गेली असावी. आपल्याकडे तर बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ पासून धावत होती आणि वॉटसन हॉटेलातला प्रेक्षक रोज खरी गाडी पाहत होता. तरीही ही दंतकथा शंभर वर्षे टिकली. 'आपण नाही, पण इतर लोक, म्हणजे मुले आणि अडाणी माणसे, चित्राला फसतात' ही समजूत तिच्यामागे आहे. मुलांच्या भीतीबद्दल मोठ्यांनी जे निर्णय घेतले त्यांच्याही मागे बऱ्याचदा हीच समजूत दिसते.

मोजमाप करून पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९२९ ते १९३२ या काळात 'पेन फंड' या संस्थेच्या पैशातून सिनेमाच्या मुलांवरील परिणामांचे अनेक अभ्यास झाले आणि १९३३ पासून ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतला डायसिंगर आणि रकमिक यांचा अभ्यास विज्ञानशिक्षकांना विशेष आवडेल. त्यांनी प्रेक्षकाच्या हाताला विद्युत्अग्रे जोडून त्वचेचा विद्युत्रोध मोजला. माणूस दचकला की घर्मग्रंथी कामाला लागतात, त्वचा किंचित ओलसर होते आणि रोध घटतो. आपल्याला स्वतःला घाम आल्याचे कळायच्या आतच उपकरणाचा काटा हलतो. (शाळेतल्या साध्या बॅटरीवरच्या मल्टिमीटरची दोन टोके दोन बोटांत हलके धरायची, किलोओहमची पट्टी लावायची आणि मागून कोणीतरी अचानक टाळी वाजवायची. काटा हलतो. प्रयोग फक्त बॅटरीवरच्या उपकरणानेच करावा, हे सांगणे नकोच.)

डायसिंगर-रकमिक यांना असे दिसले की धोक्याच्या प्रसंगांना सर्वांत तीव्र प्रतिसाद नऊ वर्षांच्या आसपासची मुले देतात आणि वयाबरोबर तो उतरत जातो. सोळा वर्षांच्या आसपासच्या मुलामुलींचा काटा धोक्यापेक्षा प्रेमप्रसंगांना अधिक हलला! पालकांच्या जिवाला यातून वेगळाच घोर लागला असेल, पण आपल्या प्रश्नापुरता निष्कर्ष सोपा होता. मूल मोठे झाले की त्याला कळते, 'हे खोटे आहे', आणि भीती कमी होते. शाळांनी आणि कायद्याने पुढची पन्नास वर्षे साधारण हेच गृहीत धरले.

आपल्या कायद्याचा प्रवास त्याच वाटेने झाला. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात १९४९ साली दुरुस्ती होऊन 'यू' आणि 'ए' असे दोन गट आले. १९८३ मध्ये त्यांच्यामध्ये 'यूए' आले, म्हणजे बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा असा चित्रपट. त्यामुळे चाळीस वर्षे आपल्याकडे बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला 'ए' सोडून सारे पडदे मोकळे होते. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन उपगट पाडले. किशोरवय म्हणून काही वेगळे असते याची दखल कायद्याने इतक्या उशिरा घेतली. आणि हे प्रमाणपत्र चित्रपटाला असते. दूरदर्शनच्या बातमीतला तुकडा किंवा फोनवर आलेले चित्रण आपण वर्गात लावतो तेव्हा त्याला कुठलेच प्रमाणपत्र नसते. तिथे सेन्सॉर बोर्ड म्हणजे आपणच.

जुन्या गृहीताला धक्का बसला तो १९८३ सालीच. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेच्या 'एबीसी' वाहिनीने 'द डे आफ्टर' हा चित्रपट दाखवला. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावाभोवती अणुबाँब पडतात आणि जगलेवाचलेले लोक हळूहळू मरतात, असे त्याचे कथानक. सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. लहान मुलांना दाखवू नका, असे इशारे आधीच दिले गेले होते. जोआन कँटर आणि तिच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी घरोघर दूरध्वनी करून विचारणा केली. उत्तर अनपेक्षित निघाले. सर्वांत कमी अस्वस्थ झाली होती ती बारा वर्षांखालची मुले. त्यांच्यापेक्षा किशोरवयीन अधिक आणि सर्वांत जास्त अस्वस्थ झाले होते ते पालक!

मग डायसिंगर-रकमिक चुकले होते काय? तसे नाही. भीती दोन प्रकारची आहे. लहान मूल घाबरते ते दिसण्याला, म्हणजे विद्रूप चेहऱ्याला, अंधाराला, मोठ्या आवाजाला. 'द डे आफ्टर'मध्ये असे फारसे नव्हते. मोठे मूल घाबरते ते शक्यतेला. 'हे माझ्या गावात होऊ शकते का? मग आई कुठे असेल?' असा विचार करायला अमूर्त विचारशक्ती लागते आणि पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवल्याप्रमाणे ती साधारण अकरा-बारा वर्षांपासून फुलू लागते. म्हणजे वय वाढल्याने भीती नुसती कमी होत नाही, ती जागा बदलते. 'मोठी झाली आता, नाही घाबरायची' हे आपले वाक्य राक्षसाबद्दल बरोबर आहे, पुराबद्दल नाही. न्यूयॉर्कची लाट राक्षस होती. जिन्यावरचे पाणी शक्यता होती, आणि त्या मुलीसाठी तर ती आठवणच होती.

योगायोगाने नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबईच्या चित्रपटगृहांत एकाच वेळी दोन पूर आले होते. '२०१२' या हॉलिवूडपटात लाटा हिमालय ओलांडत होत्या, तर 'तुम मिले' या हिंदी चित्रपटाला २६ जुलैच्या मुंबईची पार्श्वभूमी होती. पहिला निव्वळ तमाशा, पण त्याच्या जाहिरातीने 'जग खरोखर बुडणार' अशी हूल उठवली होती आणि तिला जगभरची मुले बळी पडली. 'नासा'चे डेव्हिड मॉरिसन वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. जग बुडायच्या आधी जीव द्यावा का, असे विचारणारी मुलांची पत्रेही त्यांना आली. अशक्य गोष्टीला शक्यतेचा मुलामा दिला की किशोरांना ती किती लागते, हे यातून दिसते. सुदैवाने अशक्याची भीती घालवता येते. गणित करून दाखवले की ती बरीचशी ओसरते. खरी पंचाईत आहे ती शक्य संकटांची. 'असे होणारच नाही' असे घाटकोपरच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिथे आझादनगरमध्ये १२ जुलै २००० रोजी दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गेली.

मग शक्य संकटाची भीती वापरावी का? 'भीती घातल्याशिवाय पोरे सुधारत नाहीत' हे मत आपल्याकडे काही नवे नाही. ब्रिटिश रेल्वेचेही ते होते. १९७७ साली तिच्यासाठी जॉन क्रिश या दिग्दर्शकाने 'द फिनिशिंग लाइन' नावाचा लघुपट केला. त्यात एक मुलगा कल्पना करतो की शाळेचा क्रीडादिन रुळांवर भरला आहे. कुंपण तोडण्याची स्पर्धा, गाडीवर दगड मारण्याची स्पर्धा, गाडी येताना रूळ ओलांडण्याची शर्यत, शेवटी बोगद्यातून चालण्याची शर्यत. प्रत्येक स्पर्धेनंतर जखमी आणि मेलेली मुले मोजली जातात. शेवटी रुळांवर ओळीने निजवलेली मुले दिसतात. हा लघुपट शाळाशाळांतून दाखवला गेला, दूरचित्रवाणीवर आला आणि एवढा गदारोळ झाला की १९७९ मध्ये तो मागे घेऊन 'रॉबी' नावाचा सौम्य लघुपट काढण्यात आला.

बोरिवली ते अंधेरी किंवा मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात शिकवणाऱ्यांना हा विषय परका नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि रूळ ओलांडणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपल्याकडे 'फिनिशिंग लाइन' कोणी केला नाही, पण २०१० च्या सुमारास वडाळा स्थानकाजवळ एक वेगळा प्रयोग झाला. रुळांलगत तीन छायाचित्रांचा फलक लावला, गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या भयाचा. रक्त नव्हते, फक्त चेहरा. पण प्रयोग करणारे तिथेच थांबले नाहीत. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे असे डोळ्याला वाटते, म्हणून त्यांनी काही अंतरापर्यंत स्लीपर पिवळे रंगवले. इंजिनाखाली ते पट्टे झपाट्याने नाहीसे होताना दिसले की वेगाचा अंदाज बरा येतो. मोटरमनने एक लांब शिटी देण्याऐवजी दोन तुटक शिट्या द्याव्यात असेही ठरले, कारण मधल्या शांततेमुळे दुसरी शिटी कानाला अधिक जाणवते. भीती घातली, पण लगेच डोळ्याला आणि कानाला काहीतरी हाती दिले. हे उपाय पुढे इतर ठिकाणीही नेण्यात आले.

ही जोडी महत्त्वाची आहे हे प्रयोगशाळेत फार पूर्वी दिसले होते. १९५३ मध्ये जेनिस आणि फेशबाख यांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका हायस्कुलात दातांच्या निगेवर तीन प्रकारची सचित्र व्याख्याने दिली. सडलेल्या हिरड्यांची भयंकर चित्रे दाखवणारे एक, मध्यम एक आणि साधे एक. भयंकर व्याख्यान ऐकलेली मुले सर्वांत जास्त काळजीत पडली, व्याख्यान त्यांना रंजकही वाटले. पण सांगितलेल्या सवयी लागल्या का हे आठवड्याने पाहिले तेव्हा साध्या व्याख्यानाच्या गटात निव्वळ सुधारणा ३६ टक्के, मध्यम गटात २२ टक्के आणि भयंकर गटात अवघी ८ टक्के निघाली. नको असलेली भीती मन बाजूला सारते, आणि तिच्याबरोबर सल्लाही जातो.

तेवढ्यावरून 'भीती वाईटच' असा निकाल लावला तर तो घाईचा होईल. नंतरच्या अनेक प्रयोगांत घाबरवण्याचा उपयोग झालेलाही दिसला. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वातावरची पत्रके वाचायला दिली, काहींना भयानक, काहींना सौम्य. काहींच्या पत्रकाला पुरवणी जोडली होती. त्यात विद्यापीठाचा नकाशा, आरोग्यकेंद्राभोवती वर्तुळ आणि 'आपल्या वेळापत्रकात केव्हा जाता येईल ते पाहा' अशी सूचना होती. आरोग्यकेंद्र कुठे आहे हे बहुतेकांना ठाऊकच असणार. तरीही पुरवणी मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस टोचून घेतली, न मिळालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी. पत्रक भयानक होते की सौम्य याने लस घेण्यात फारसा फरक पडला नाही. मात्र ज्यांना धोक्याविषयी काहीच न सांगता नुसता नकाशा दिला त्यांच्यातला कोणीही गेला नाही. भीती थोडी लागते. नकाशा मात्र नक्कीच लागतो.

नकाशाशिवायची भीती काय करते याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच उपनगरातले आहे. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून चोवीस तासांत सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच काळात ७३. शहराच्या एका टोकाला साधा पावसाळी दिवस आणि दुसऱ्या टोकाला प्रलय. साकीनाक्याला दरड कोसळली, मिठी नदी वस्त्यांतून वाहू लागली, हजारो मुलांनी ती रात्र शाळेत किंवा बसमध्ये काढली. हे सर्वांना आठवते. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगरात जे झाले ते मात्र कमी जणांच्या लक्षात आहे. धरण फुटले, त्सुनामी येत आहे, अशी अफवा उठली. अंधारात लोक अरुंद गल्ल्यांतून धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत पंधरा-सोळा किंवा त्याहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत मुले होती. पाण्याचा एक थेंबही तिथे आला नव्हता.

डिसेंबर २००४ ची त्सुनामी होऊन तेव्हा सातच महिने झाले होते आणि त्या लाटांची दृश्ये प्रत्येक घरातल्या पडद्यावर पुन्हापुन्हा येऊन गेली होती. अफवेला त्या दृश्यांनी किती बळ दिले हे मोजता येणार नाही. पण लाट कशी दिसते हे सर्वांना ठाऊक झाले होते, ती कशाने येते हे फार थोड्यांना. त्सुनामी समुद्रतळाच्या भूकंपासारख्या हालचालीने येते, पावसाने नव्हे. धरणाचे म्हणाल तर विहार आणि पवई तलावांचे पाणी मिठीतून साकीनाका, कुर्ला, कलिना असे वळत माहीमच्या खाडीला मिळते. जुहूच्या दिशेने ते जातच नाही. आठवीतल्या मुलाला समोच्च रेषांचा नकाशा वाचता येतो. त्या रात्री एखाद्या गल्लीत असा एक मुलगा किंवा मुलगी बोलली असती तर, असा विचार आमच्या मनात पुष्कळदा येऊन गेला आहे.

म्हणून बाईंच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: दाखवावे. पण तुकडा लावण्यापूर्वी वर्गात कोणावर काय गुजरले आहे याची आधी चौकशी करावी, ती वर्गासमोर नव्हे. ज्याला बाहेर बसायचे असेल त्याला कारण न विचारता बसू द्यावे. तास संपण्याच्या घंटेआधी दोन मिनिटे चित्रण संपवणे हा तर शुद्ध अविचार आहे. जेवढा वेळ पडद्याला, त्याच्या दुप्पट वेळ नकाशाला. प्रेते दाखवण्याची गरज आम्हाला कधी पडली नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ आहे, तो चित्रणानंतर लगेच शिकवला तर मुले त्यातल्या याद्या पाठ करण्याऐवजी त्यांच्याशी भांडतात, असा आमचा अनुभव आहे.

पुढच्या वर्षी त्याच शाळेने आम्हाला पुन्हा बोलावले. या वेळी पडदा नेला नाही. मुलांनी आठवडाभर घरी आणि शेजारी विचारून २६ जुलैला पाणी कुठवर चढले होते त्या खुणा गोळा केल्या होत्या. मोजपट्टी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्यांनी त्या खुणांची पातळी शाळेच्या भिंतीपर्यंत आणली आणि तिथे खडूने रेघ ओढली. दहावीत गेलेली ती मुलगी नळीचे एक टोक धरून उभी होती. रेघ तळमजल्याच्या खिडकीच्या गजांपर्यंत आली. म्हणजे मुक्काम पडला तर पहिल्या मजल्यावर. तिथे काय आहे? प्रयोगशाळा, आणि पाण्याची टाकी. तेव्हा ती मुलगी मुख्याध्यापकांना म्हणाली, "सर, पण प्रयोगशाळेची किल्ली तर शिपाईकाकांकडे असते, आणि ते चारला घरी जातात."

सरांनी त्याच संध्याकाळी दुसरी किल्ली करायला टाकली.